रेघा आणि भाकऱ्या

"मास्तर, थुंकीत जंतू सापडले," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तीन महिन्यांचा खोकला मी खडूच्या धुळीच्या माथी मारत होतो. इतिहास शिकवणारा माणूस मी. लढायांत किती मेले ते मुलांना न चुकता सांगायचो. त्या दिवशी मात्र रोगाचं नावही विचारवेना. क्षय होता. आठवड्याच्या आत पुणं सोडून लोणावळ्याच्या आरोग्यधामात दाखल झालो.

तिथला उपचार म्हणजे हवा, दूध आणि झोप. शिवाय दर आठवड्याला 'ए.पी.', म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरायची, की आजारी फुप्फुस मिटून विसावा घेतं. नव्यानं जाणाऱ्यांना सांगतो, सुईपेक्षा तिची वाट पाहणं जास्त दुखतं.

शेजारच्या खाटेवर रेल्वेतले एक गार्डसाहेब होते. ते मला घाटातल्या गाड्यांच्या गमती सांगत. मी त्यांना माझ्याजवळच्या इंग्रजी पुस्तकातली गोष्ट सांगे. हजारो वर्षांपूर्वी बाबिलोनकडच्या लोकांनी मातीच्या विटांवर कोरलेली, एका राजाची. राजाचा जिवलग मित्र मरतो, इथवर आम्ही आलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीत गार्डसाहेब झोपले, ते उठले नाहीत.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेना. खरं सांगायचं तर मीच लागू देत नव्हतो. पेंग आली की मांडीला चिमटा काढायचो. वजन चार पौंड उतरलं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "झोप नाही, अन्न नाही. असंच चाललं तर हवा भरणं थांबवून तुम्हाला घरी पाठवावं लागेल." घरी पाठवणं म्हणजे काय, ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

हौसामावशी जवळच्या कुरवंडे गावाहून पायी येत आणि आमच्या खोल्या झाडत, थुंकीची भांडी धूत. एका दुपारी म्हणाल्या, "मास्तर, समदी झोपल्यात. तुमी डोळं फाडून त्या बुकात काय बघता?"

मी चिडूनच सांगितलं. मित्र गेल्यावर राजा मरण चुकवायला निघतो आणि कधीच न मरणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पोहोचतो. म्हातारा म्हणतो, आधी आठवडाभर झोपेला जिंकून दाखव. राजा बसल्या जागीच पेंगतो. म्हातारा बायकोला म्हणतो, उठल्यावर हा झोपलोच नाही म्हणेल. तू रोज एक भाकरी भाजून याच्या उशाशी ठेव आणि भिंतीवर रेघ ओढ. राजा उठतो तेव्हा पहिली भाकरी वाळून दगड झालेली, मधलीला बुरशी आलेली, शेवटची अजून निखाऱ्यावर. पुस्तकातल्या टिपेत पंडितांनी लिहिलं होतं, या भाकऱ्या म्हणजे माणसाच्या पराभवाचा पुरावा. मीही मुलांना तेच शिकवलं असतं.

मावशी केरसुणी टेकवून खाली बसल्या. "पुरावाच पायजे व्हता, तर भितीवर रेघा व्हत्या की. भाकऱ्या कशापायी?"

मी ती टीप पुन्हा वाचून पाहिली.

"उठल्यावर भूक लागंल म्हनून, मास्तर. लय दिसांचा उपाशी त्यो. माझा ल्योक तापात पडला व्हता, तवा मी बी रोज उशाशी ताजी भाकर ठेवायची. त्यो उठला न्हाई. पर एक दिस बी मी ठेवायची चुकले न्हाई."

मी पुस्तक मिटलं. भीती गेली नव्हती. पण मी झोपलो तर उठायची वाट पाहणारं कुणी आहे, एवढं वाटलं आणि रडू आलं. रडतारडताच झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. उशाशी फडक्यात नाचणीची भाकरी होती. डॉक्टरांच्या तक्त्यात नाचणी बसत नव्हती. मी ती सगळी खाल्ली. पुढच्या आठवड्यात वजन उतरायचं थांबलं आणि सुई चालू राहिली.

दीड वर्षानं मी घरी आलो. तुमच्यापैकी कुणी आजाऱ्याजवळ बसलेलं असेल, तर ताप जरूर लिहून ठेवा, पण उशाशी खायलाही काही ठेवा. तो उठेल न उठेल, ते आपल्या हाती नाही.

ती टीप मी खोडली नाही. तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'रेघा मोजण्यासाठी होत्या, भाकऱ्या राजासाठी.' आणि पंडितांनी आपलं नाव घातलं होतं तसंच खाली नाव घातलं: हौसाबाई, मुक्काम कुरवंडे.