मी मला काय बोलायची

मी रोह्याची, लग्न होऊन हमरापूरला आले. सासरी गणपतीचा कारखाना. तिथे मी आखणी शिकले, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. पुढे आमच्या कारखान्यातले सगळे डोळे माझ्याच हातचे असायचे. चाळिशीत उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. हात मात्र थरथरतच राहिला.

पेणच्या डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटल्यावर मी पुन्हा ब्रश धरला. भुवईची रेघ पापणीवर घसरली. पुसली, परत काढली, परत घसरली. मी पुटपुटले, "निकामी झालीस. खायला तेवढी पुढं."

मग ते रोजचंच झालं. भाकरी करपली, कप फुटला, काहीही झालं की मी स्वतःला तोडून बोलायची. आपण हे मोठ्याने बोलतोय, हेही कळायचं नाही.

एका दुपारी सासूबाई माझ्या मागे मूर्ती घासत बसल्या होत्या. बाई तोंडाने फटकळ. मी त्यांना वचकूनच असायची.

"गो, कोनाला बोलतेस?"

"कोणाला नाय, आई. मलाच."

"मी तुला असं बोलले असते तर?"

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"रोह्याची गाडी पकडली असतीस. व्हय का नाय?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. त्यांनी माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. "ह्या हातानं किती गणपती बघते केले. आता आजारी हाय तो. आजाऱ्याला कोन शिव्या घालतं काय?"

लगेच काही बदललं नाही. शिवी ओठावर आली की धाकट्या बहिणीशी बोलावं तसं मी स्वतःला म्हणायची, "असू दे गो, दमलीस, जरा बस." आधी नाटकी वाटायचं. कधी शिवीच पुढे निघायची, आणि मग त्यावरून स्वतःला आणखी एक शिवी. ते सुटायला फार दिवस गेले.

आखणी परत आली नाही. शेवटी जावेला मी ती शिकवली. तिने पहिल्या मूर्तीचे डोळे पुरे केले तेव्हा मी आत जाऊन पोटभर रडले. पण त्या रडण्यात स्वतःला एकही वावगा शब्द बोलले नाही. तोंड धुऊन बाहेर आले आणि डाव्या हाताने पीतांबराला पिवळा रंग द्यायला बसले.