बोलू नका, चालून राह्यले!

"बोलू नका बाई, चालून राह्यले मी!"

मंठ्यात आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी होत्या. वाटेत कुणी हाक मारली की त्यांचं हे उत्तर ठरलेलं. नजर खाली, पाऊल उंच उचलायचं आणि धप्पकन टाकायचं. मी शाळामास्तरीण, गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मला वाटायचं, काय हा तोरा! चालता चालता बोलायला काय पैसे पडतात?

एकदा त्यांची एक चप्पल माझ्या दारातच राहिली आणि त्या तशाच पार कोपऱ्यापर्यंत गेल्या. मी चप्पल घेऊन मागं धावले. त्यांनी पायाकडं पाहिलं आणि हसल्या.

"अगं बया! निघाली व्हय? मला कुठं कळतंय!"

साखरेच्या आजारानं त्यांच्या तळपायाच्या नसा मेल्या होत्या. जमीन लागली की नाही, हे पायाला कळायचंच नाही. ते डोळ्यांनी बघावं लागायचं. देवळात सगळे डोळे मिटून हात जोडायचे, तेव्हा मावशी खांबाला धरून टक्क उघड्या डोळ्यांनी उभ्या. म्हणायच्या, "मिटले तं देवाच्याच अंगावर पडन!"

लाईट गेली की त्या असतील तिथं थांबायच्या. एका संध्याकाळी बाजारातून येताना लाईट गेली आणि मागून जीपचा हॉर्न वाजला. घाईत टाकलेलं पाऊल नालीत गेलं. मनगट मोडलं.

त्यांचा मुलगा धास्तावला. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागला. "मी दिवसभर आडतीच्या दुकानावर, बाई. पुन्हा पडली तं कोण बघंल?" मला त्याचा संताप आला, पण त्याचंही खोटं नव्हतं.

मावशी खिडकीतून म्हणायच्या, "पाय तुटले असते तं मनाला समजावलं असतं. हे तं चालतेत, बाई. अन् मी कोंडलेली!"

तेव्हापासून शाळा सुटली की मी त्या खिडकीशी जायची. एकदा अशीच उशिरा, अंधार पडल्यावर गेले; मावशी खिडकीकडं यायला निघाल्या आणि लाईट गेली. आत खोलीच्या मधोमध मावशी उभ्या, हाताशी ना भिंत, ना मशीन. किल्ली मुलाच्या खिशात.

"बोला की बाई आता," अंधारातून आवाज आला. "आता कुठं चालून राह्यले मी?"

लाईट येईस्तोवर मी गजाला धरून काहीबाही बोलत राहिले. त्या उभ्याच होत्या.