नवरात्रातला सामना
वस्तीची वाट अजून अर्धी राहिली होती आणि प्रसेनजित सर पुन्हा पुढं निघून गेले होते. लक्षात आलं तसे थांबले. हरणाबाई अनवाणी होत्या. नवरात्रात त्या पायात काही घालत नसत, आणि जळकोट सोडल्यापासून वाटेवर खडीच खडी.

"सावकाश या बाई. मलाच दम निघंना झालाय."

सरांच्या हातातल्या पिशवीत संघातल्या सृष्टीचे बूट होते.

हरणाबाई शाळेत मराठी शिकवायच्या, सर खेळ शिकवायचे. शाळेचं बास्केटबॉलचं मैदान म्हणजे मुरमाचं पटांगण आणि दोन खांब. मुरमावर चेंडू नीट उसळत नाही, कुठंही तिरपा पळतो. म्हणून सरांनी पोरींना चेंडू आपटत न्यायला शिकवलंच नव्हतं. या हातातून त्या हातात, खालून, झपकन. सर स्वतः ठेंगणे. कॉलेजात उंची नाही म्हणून त्यांना कायम बाकावर बसवलं होतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण संघ निवडताना ठेंगण्या पोरीकडं त्यांची नजर आधी जाते, हे हरणाबाईंनी हेरलं होतं.

उद्या जिल्ह्याची फायनल, उमरग्याच्या संघाशी. त्या मुली उंच, सिमेंटच्या मैदानावर तयार झालेल्या, दरवर्षी जळकोटला धूळ चारत आलेल्या. त्यांच्या हातांखालून चेंडू काढायचा तर सृष्टीच हवी. फट आधी तिलाच दिसते.

आणि सृष्टीनं घटस्थापनेपासून अनवाणी राहायचा नेम धरला होता. तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन दसऱ्यानंतर सोलापूरला व्हायचं होतं. सरावाला सगळ्याच पोरी अनवाणी खेळत, त्यामुळं सरांच्या ध्यानातच आलं नाही. आज सेमी फायनलला पंचांनी तिच्या पायांकडं बोट दाखवलं. बुटाशिवाय मैदानात यायचं नाही. सरांनी विनवून पाहिलं, पण पंच ऐकेनात. सृष्टी बाकावर बसली आणि तिच्याविना पोरी कशाबशा एका बास्केटनं जिंकल्या. शेवटी चेंडू रिंगवर गरगर फिरत होता तेव्हा हरणाबाईंनी मनातल्या मनात भवानीचा धावा केला. सरांनी डोळे मिटून घेतले होते. परत आल्यावर सृष्टी एसटीतून उतरली ती कुणाशी न बोलता वस्तीकडं निघून गेली.

समोरून दूधवाला गौरीशंकर मोटारसायकलवर आला. पाय टेकून थांबला.

"काय सर, उद्या उमरग्याच्या उंटांपुढं आपली करडं व्हय? शिडी न्या संगं."

"शिडी कशाला? आमच्या पोरी त्यांच्या बगलंतनं जातेत."

तो हसत गेला. सर हसले नाहीत.

"मी सांगते तिला," हरणाबाई म्हणाल्या. वाटभर त्या हेच जुळवत होत्या. "म्हणते, देवी काय बुटावर रुसती का? मी बी नेम पाळते, माझं ऐकंल ती. खेळून झालं की काढ म्हणावं, दोन दिवस जास्त चाल. आईचं भवानी बघून घेईल."

वस्तीची पत्र्याची घरं दिसू लागली. अंगणात सृष्टी आईला हाताला धरून बाजेकडं नेत होती. सर बाभळीपाशीच थबकले.

"बाई, मी सांगितलं तर लोक म्हणतील, ह्यो देव मानत न्हाय, म्हणून ह्यानं पोरीचा नेम मोडला. म्हणंनात का. पण तुम्ही भवानीचं नाव घेतलं की ती बूट घालणार. घालणारच. आन् तिकडं आईला काही कमीजास्त झालं, तर जन्मभर त्या बुटाकडं बघत बसंल."

"मग उद्याचं?"

"ती नसली तर लई मार खाऊ." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जिंकायचं हाय मला, बाई. किती, ते तुम्हाला सांगता येणार न्हाय."

सृष्टीनं दोघांना पाहिलं. ती बाजेपाशीच उभी राहिली, पुढं आली नाही.

"एवढं करा," सर हळू आवाजात म्हणाले. "खेळतीस का, इतकंच विचारा. एकदाच. देवीचं नाव मधी नको. न्हाय म्हणली तर दुसऱ्यांदा विचारू नका. आन् मीच परत विचारायला लागलो, तर मला हाताला धरून मागं न्या."