किल्ला दाखवणाऱ्याची नजर माझ्या काठावर

गल्लीतल्या बायांनो, ही चिठ्ठी सगळ्यांनी वाचा.

आज सकाळी मी वडगावहून चालत बेळगावचा किल्ला बघायला गेले. दारातल्या गोऱ्या शिपायानं हटकलं न्हाय, पण आत एक अनोळखी माणूस चिकटला. "चला आक्का, सगळं फिरवून दाखवतो."

खंदक दाखवला, तट दाखवला. पण बोट तटाकडं आणि डोळे माझ्या लुगड्याच्या काठावर! आम्ही घरी विणतो ती ही नक्षी दुसऱ्या कुठल्याच हातमागावर न्हाय.

"काठाला धाग्याच्या तारा किती धरता?" त्यानं विचारलंच.

"किल्ला दाखवतोस का माझं लुगडं मोजतोस रं?" मी पदर गुंडाळला आणि परत फिरले.

तो मागून म्हणाला, "बरं, वडगावला तुमच्या मागावरच येऊन बघतो."

गाव मी सांगितलंच नव्हतं, घरी माग हाय हेबी न्हाय. खरं बोला, आमचं घर त्याला कुणी दाखवलं?