खुर्चीवरची शाल

समोरचं माणूस बोलायला लागलं की माझी मान आपोआप हलते. समजलं तरी हलते, नाही समजलं तर जास्तच हलते. सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाई काही सांगतात, मी मान हलवते आणि बाहेर आल्यावर सुनेला विचारते, "काय म्हणाल्या गं?" इकडे लंडनला, पिनरला आल्यापासून या मानेवरच माझं निभावलं आहे. पण या उन्हाळ्यात याच मानेने नातीचं नुकसान केलं असतं.

नात युनिव्हर्सिटीत फार्माकॉलॉजी शिकते. औषध पोटात गेल्यावर शरीरात काय काय करतं, त्याचं शास्त्र. औषधं विकायचं नव्हे. मी शेजारणीला चुकून तसं सांगितलं होतं, तर नात दोन दिवस फुगून बसली होती. तिला एका कंपनीच्या लॅबमध्ये वर्षभर काम करायचं होतं. लहान मुलाला सायकल हवी असते तसं हवं होतं. पण त्याआधी पाच साध्यासुध्या माणसांना दहा मिनिटांत एक औषध समजावून द्यायचं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी तिला परत पाठवलं. विषय येतो, म्हणाले, पण आम्हाला काही कळलं नाही. आता आणखी एकदाच बोलावणार होते.

"आजी, तू बस इथे," ती म्हणाली. "मला असा माणूस पाहिजे ज्याला काहीच माहीत नाही."

"अगं, काय बोलतेस आजीला!" सून ओरडली.

"बरोबर बोलते आहे," मी म्हटलं आणि बसले. माझी शाळा चौथीत सुटली. माझ्याहून चांगलं माणूस तिला कुठे मिळणार?

औषध तिने माझंच निवडलं होतं, छातीत धडधडतं त्यावरची गोळी. रिसेप्टर, ब्लॉकर, अँटॅगोनिस्ट असं बरंच काही ती सांगायची आणि मी मान हलवायची. तीन दिवस चाललं. ती खूश, मीही खूश. चौथ्या दिवशी माझ्या मुलाने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं.

"आई, सांग बघू, काय सांगितलं तिने?"

मी म्हटलं, "गोळी घ्यायची. पाण्याबरोबर."

तो हसत सुटला. नात नाही हसली. "आजी, तू तीन दिवस यस यस करत होती!"

"तुला बरं वाटावं म्हणून गं."

"मला बरा नाही वाटायचा! मला पास व्हायचा आहे!"

तिचे डोळे भरले. एरवी तिचं मराठी ऐकून आम्हाला हसू येतं, तेव्हा नाही आलं. मला इतकी लाज वाटली की मी म्हटलं, "पुन्हा सांग. हळू. नाही कळलं की हात वर करते."

पहिल्याच वाक्याला हात वर गेला.

"रिसेप्टर म्हणजे काय?"

"म्हणजे हार्टवर जागा असतात. अ‍ॅड्रेनॅलिन येऊन तिथे बसतो, मग हार्ट पळतो."

"आणि गोळी?"

"गोळी पण तिथेच बसते. पण काही करत नाही. नुसती बसते. म्हणून अ‍ॅड्रेनॅलिनला जागा नाही."

"म्हणजे शाल," मी म्हटलं.

"कुठला शाल?"

आमचं मंडळ गणपतीला शाळेचा हॉल घेतं. लवकर आलेल्या बायका पुढच्या खुर्च्यांवर शाली, पर्सा टाकतात आणि निवांत चहाला जातात. शाल काही टाळ्या वाजवत नाही, पण खुर्ची भरलेली. मागून आलेला उभा.

नात माझ्याकडे बघतच राहिली. "पण खूप लोक आले तर?"

"मग कुणीतरी शाल बाजूला करून बसतंच."

"यस! अ‍ॅड्रेनॅलिन खूप झाला की तसाच होतो!"

"त्या स्टॅनमोरच्या काकू मात्र ओढणीची खुर्चीला गाठच मारतात. तिथे शंभर माणसं आली तरी उपयोग नाही."

"आजी! तसा पण औषध असतो!" ती उठून नाचायलाच लागली.

मुलगा म्हणाला, "गोऱ्यांना शाल काय कळणार? सुट्टीवर गेले की हॉटेलच्या पूलपाशी सकाळीच आरामखुर्चीवर टॉवेल टाकून येतात ना, ते सांग." म्हणून माझ्या शालीचा टॉवेल झाला. मला थोडं वाईट वाटलं.

कंपनीने दुसऱ्यांदा बोलावलं त्या दिवशी ती घरी आली ती बूट न काढता जिन्यावरच बसली. टॉवेल म्हणताच सगळे हसले म्हणे. पण त्यातल्या एका आजोबांना इतका राग आला, की स्पेनमध्ये त्यांना दोन दिवस खुर्ची कशी मिळाली नाही, हेच ते सांगत बसले. तिची दोन मिनिटं त्यात गेली.

"आजी, त्यांना औषध कळला की फक्त टॉवेल, मला माहीत नाही."

मी मान हलवणार होते. नाही हलवली. म्हटलं, "मलाही माहीत नाही गं."

गुरुवारी जेवताना कंपनीची मेल आली. तिने ती उभ्यानेच मोठ्याने वाचायला घेतली, भराभर, सगळी इंग्रजीत. इथली पत्रं मला कळत नाहीत, पण नकाराचं असलं की त्यात 'अनफॉर्च्युनेटली' येतं, एवढं इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. हातातला घास तसाच धरून मी त्या शब्दाची वाट बघत होते. तिने शेवटी खालचं सहीचं नावसुद्धा वाचलं. तो शब्द काही आला नाही.