नाडीचे बूट

किनुए सकाळपासून बहिणीला एकच गोष्ट बजावत होती.

"ताई, आज नटायचं नाही हं. लिपस्टिक नाही, ते लग्नाबिग्नाचं जाकीट नाही. रोज असतेस तशी बस."

"अगं, पाहुणी यायची ना घरात?"

"पाहुणी कसली? तपासनीस आहे ती, गावच्या कचेरीतली. तू बारा वर्षं तेच काम केलंस की!"

"मग मला काय शिकवतेस?" चिझुरू म्हणाली आणि आरशासमोर जाऊन बसली.

जपानच्या अकितामधलं हे गाव असं, की रस्त्यात तीन माणसं दिसली तर दोन सत्तरीपुढची, आणि तिसरं त्यांना दवाखान्यात नेणारं. चिझुरू ऐंशीची. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणाला बोलूही दिलं नाही. नवरा गेल्यावर धाकटी किनुए तिच्याकडे राहायला आली, तीही आता चौऱ्याहत्तरची. दोघींचं बरं चाललं होतं. पण दोनेक वर्षांपासून चिझुरूच्या डोक्यातलं एकेक निसटायला लागलं. किटली गॅसवर ठेवायची आणि विसरायची. सोयाची बाटली कपड्यांच्या कपाटात. न्हाणीच्या टबात बसली की उठता येत नसे. मग किनुए तिच्या काखेत हात घालून तिला ओढून काढायची, आणि स्वतःचे गुडघे असे ठणकायचे की डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, दहा ऑक्टोबर. तीन आठवडे इस्पितळात. तेवढे दिवस ताईला शेजारच्या गावातल्या वृद्धांच्या घरात ठेवायचं, तर सरकारी विम्यात तिची पातळी, म्हणजे तिला किती मदत लागते ते, वर चढायला हवी होती. गेल्या वर्षी तपासणी झाली त्या दिवशी किनुए नेमकी तापाने इस्पितळात, आणि ताईने एकटीने सगळी उत्तरं अशी ठणठणीत दिली की सगळ्यात खालची पातळी पदरात पडली. आठवड्यातून एकदा व्यायामाचा वर्ग, बस. तेवढ्यावर तीन आठवडे कोण ठेवून घेणार? किनुएने ऑपरेशन रद्द केलं होतं. यंदाही तेच झालं तर ती पुन्हा रद्द करणार, आणि मग तिचे गुडघे कायमचेच गेले म्हणायचे.

आणि गंमत बघा. गंमत कसली, कर्म! म्हातारी माणसं तपासनिसासमोर नटतात, हे अख्ख्या जिल्ह्याला शिकवलं कुणी? तर या चिझुरूनेच.

वृद्धांच्या देखभालीचा कायदा आला तेव्हा ती पंचावन्नची होती. कचेरीतल्या कारकुनीतून तिला तपासनीस केलं. घरोघर जायचं, चौऱ्याहत्तर प्रश्न विचारायचे. आज तारीख काय? सकाळी काय खाल्लं? एका पायावर उभं राहता येतं का? पहिल्याच महिन्यात ती तोकुमात्सु नावाच्या आजोबांकडे गेली. नव्वदीचे शेतकरी, पण दाढी गुळगुळीत, सदरा कडक इस्त्रीचा. एका पायावर उभं राहता का विचारलं, तर आजोबा उभे राहिलेच, वर पाय बदलूनही उभे राहिले! "नांगर धरलेले पाय आहेत हे, पोरी!" त्यांची सून चहा आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं घेऊन आली, मान खाली घालून बसली आणि सासऱ्याच्या प्रत्येक उत्तराला हूं म्हणत राहिली. चिझुरूने खूश होऊन लिहिलं, प्रकृती उत्तम.

आठ दिवसांनी आजोबा न्हाणीत पडले आणि पुन्हा उठले नाहीत.

सून कचेरीत आली. चिझुरूला वाटलं, आता ही बाई फाडून खाणार. तर ती कमरेत वाकली आणि माफी मागायला लागली! "चूक माझी झाली. तो एक पायाचा खेळ झाल्यावर मामंजी दोन दिवस अंथरुणात होते. त्यांच्यासमोर कसं बोलणार? झाकली मूठ होती त्यांची. मी तुम्हाला सोडायला दारापर्यंत आले होते ना, ते सांगायलाच आले होते. पण तुम्ही बुटात पाय सरकवलेत आणि निघालात."

त्या संध्याकाळी चिझुरू दुकानात गेली आणि नाडीचे बूट घेऊन आली. या देशात घरोघरी उंबऱ्यात बूट काढायचे आणि घालायचे, म्हणून जो तो सरकवायचे बूट वापरतो. नाडी बांधत बसणारा माणूस म्हणजे येडाच. पण चिझुरू पुढची बारा वर्षं तेच घालून हिंडली. निघताना उंबऱ्यात बसायची, पाठ करून, आरामात. उजवी नाडी, डावी नाडी, मग म्हणायची, "ही सैल झाली वाटतं," की पुन्हा सोडायची. आणि पाठीमागे उभी असलेली सून, लेक, म्हातारी बायको, कुणी ना कुणी हळूच तोंड उघडायचं. "अहो, खरं सांगू का..." पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं. खरी तपासणी तिथेच व्हायची, चौऱ्याहत्तर प्रश्न संपल्यावर.

विद्यापीठातला एक संशोधक गावोगावची टिपणं तपासत आला तेव्हा चक्रावला. "तुमच्या गावच्या टिपणांत घरच्यांचं म्हणणं इतकं कसं? पद्धत काय तुमची?" चिझुरूने पाय पुढे केला. तो हसला, मग हसायचं थांबला आणि वही उघडून लिहायला लागला. दोन वर्षांनी जिल्ह्याच्या प्रशिक्षण-पुस्तकात एक ओळ आली: घरच्यांशी वृद्धाच्या माघारी वेगळं बोलावं. "बुटांचं नाव नाही मेल्यांनी घातलं!" चिझुरू म्हणाली, पण ते पुस्तक घेऊन ती तोकुमात्सुंच्या सुनेकडे गेली आणि तिच्यासमोर ठेवलं. "हे तुमचं आहे," म्हणाली. त्या बाईचे उपकार ती कधी विसरली नाही. आता किटली विसरते, पण ते नाही.

तर अशी ही चिझुरू. आणि आज? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तपासनीस आली तेव्हा बाई लिपस्टिक लावून, जाकीट घालून, ताठ बसलेली.

मुलगी तिशीची होती, शिओरी नावाची. "चिझुरू-सान, आज तारीख किती?"

"नऊ सप्टेंबर, मंगळवार." सकाळी वर्तमानपत्रात चार वेळा वाचून ठेवलेलं.

"सकाळी काय खाल्लंत?"

"भात, मिसोचं सूप, वांग्याचं लोणचं." रोज तेच असतं, चुकणार कशी?

चिझुरूने मनाशी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं, की आज खरं बोलायचं. पण समोर माणूस बसलं की जीभ आपोआप सरळ व्हायची. हे प्रश्न तिने हजारो वेळा विचारलेले. सगळं निसटलं तरी ते निसटले नव्हते, आणि त्यांची चांगली उत्तरंही त्यांच्याबरोबर शिल्लक राहिली होती. आंघोळ? "एकटी करते." टबातून उठणं? "जमतं की." किनुए बाजूला मान खाली घालून बसली होती. मोठ्या बहिणीला परक्यासमोर खोटं कसं पाडणार? चिझुरूला ती खाली घातलेली मान दिसत होती. अशा किती माना तिने पाहिल्या होत्या! तिचं काळीज चरकलं, पण तोंड म्हणालं, "अजून चहा घ्या ना."

शिओरी उठली, वाकली, बाहेर गेली. किनुए लंगडत तिच्यामागे गेली.

चिझुरू एकटी बसून राहिली. आता ती निघणार, दार वाजणार. तिने कान दिला. दार वाजलं नाही. थोडा वेळ गेला. तरी वाजलं नाही.

मग किनुएचा आवाज आला, दबका. "अहो, खरं सांगू का..."

किटली. टब. सोयाची बाटली. भाजीच्या वाफ्यातून घरी यायचा रस्ता चुकली ते. एकेक शब्द भिंतीतून येत होता आणि चिझुरूचे कान तापत होते. अशी लाज तिला कधी वाटली नव्हती. ओरडून म्हणावं, "काहीतरीच काय बोलतेस!" ओठांवर आलंही होतं. त्याऐवजी ती भिंतीला धरून उठली आणि एकेक पाऊल टाकत उंबऱ्याशी गेली.

किनुए पांढरी पडली. "ताई, मी... तसं नाही..."

"लिहा," चिझुरू शिओरीला म्हणाली. "सगळं खरं आहे. आणि एक हिने मुद्दाम गाळलंय. मागच्या आठवड्यात मी हिला विचारलं, बाई, तुम्ही कोण? हिचा चेहरा मला अजून दिसतो. मला लाज वाटेल म्हणून ही ते सांगणार नाही. ते आधी लिहा."

शिओरी उंबऱ्यात बसूनच लिहीत होती. तिच्या पायांत बूट होते, आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

"नाडीचे बूट?" चिझुरूने विचारलं.

"आमच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, घे म्हणून. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे." शिओरी हसली. "फार त्रासाचे आहेत, पण उपयोग होतो."

ते आपणच, हे चिझुरूने सांगितलं नाही. उंबऱ्यावर गुडघे टेकले, जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकली आणि म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे." मग तशीच वळून किनुएसमोर वाकली. धाकट्या बहिणीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. किनुए रडायलाच लागली. "ऊठ गं बाई, ऊठ! मला नाही उठवता येणार तुला!" शेवटी शिओरीने बूट काढून दोघींना उठवलं.

महिन्याच्या आत पातळी बदलल्याचं पत्र आलं. नऊ ऑक्टोबरला वृद्धांच्या घराची गाडी दाराशी उभी राहिली. किनुएने ताईला आरशासमोर बसवलं, तिला ते लग्नाबिग्नाचं जाकीट घातलं आणि स्वतःच्या हाताने लिपस्टिक लावून दिली.

"आज नट," ती म्हणाली. "आज खरोखरच पाहुणी म्हणून चाललीयस."