तीन छापील कागद

आंब्याच्या मोहोराचा वास आला की मला कुणकेश्वरच्या आमच्या शेजारच्या काकी आठवतात. काका जहाजावर खलाशी होते. ते तिकडेच वारले आणि त्यांच्या सामानात तीन छापील कागद आले. "ह्येच्यात काय लिवलेला आसा ता वाचून दाखय गो," काकी मला म्हणाल्या. कागदांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे दाटीने भरले होते, शब्द एकही नव्हता. ईमेलला जोडलेली फाईल अशीच अक्षरांत बदलून जाते. इथे कुणीतरी ती तशीच छापली होती. दोन दिवस मी एकेक अक्षर टाइप केलं आणि दर चार अक्षरांतून मूळ तीन बाइट परत काढणारा छोटा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला. निघाली ती आवाजाची फाईल होती. तिसऱ्या दुपारी काकींना बोलावून ती वाजवली. इंजिनाच्या घरघरीतून काकांचा आवाज आला, "खंय आसस गो?" काकी पदर सावरत चटकन म्हणाल्या, "हंयच आसंय, घराकडे." काकी बोलेपर्यंत आवाज थांबला होता, मग म्हणाला, "बरां. थंयच रव." तिथेच राहा. काकी डोळे पुसून शांतपणे घरी गेल्या. फाईल अजून माझ्याकडे आहे. पण एकटीने ऐकताना, काकींचं उत्तर नसताना, त्या प्रश्नापुढे "बरां" न येता नुसती घरघरच असली तर, या भीतीने मी ती पुन्हा कधी वाजवलेली नाही.